पोथी, पाटी आणि पडदा : शहापूर-मुरबाडच्या वाटेवरचा वाचनाचा इतिहास

१/
ई-रीडर घ्यावा की छापील पुस्तके? इतिहासाची आवड असलेले चार तरुण एकत्र आले की हा प्रश्न हल्ली हमखास निघतो. मग डोळ्यांचा त्रास, कागदाचा वास, किंमत आणि घरातली अपुरी जागा या ठरलेल्या वळणांनी चर्चा फिरते आणि कोठेही न पोहोचता थांबते. वास्तविक हा वाद महाराष्ट्राने एकदा चांगलाच अनुभवला आहे. तेव्हा एका बाजूला हस्तलिखित पोथी होती आणि दुसऱ्या बाजूला छापील पुस्तक. आजचा धागा त्याविषयी. धागा लांब आहे, सवडीने वाचा.

२/
आरंभ ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून करू. शेजारशेजारचे दोन तालुके, शहापूर आणि मुरबाड. शहापूर तालुक्यात पष्टेपाडा नावाची छोटी वस्ती आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी मुलांच्या हाती टॅब्लेट दिले आणि विजेचा भरवसा नसल्यामुळे ते सौर ऊर्जेवर चालवले. राज्यातील पहिल्या डिजिटल शाळांपैकी एक म्हणून ही शाळा गाजली. राज्यभरातील शिक्षक ती पाहायला येऊ लागले.

३/
मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाची कथा नेमकी उलट दिशेची. तेथे २०१६ च्या फेब्रुवारीत शिवजयंतीनिमित्त ग्रंथवाचन चालले होते. ऐकायला बसलेल्या काही वृद्ध स्त्रियांनी बोलून दाखवले की आम्हालाही असे वाचता आले असते तर! जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतले आणि ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या, अंगावर गुलाबी साडी, खांद्याला दप्तर, हाती पाटी-पेन्सिल. दुपारी घरची कामे उरकून वर्गात यायचे. घरचा अभ्यास घ्यायला नातवंडे असतातच.

४/
एका तालुक्यात काचेचा पडदा, दुसऱ्यात दगडी पाटी, आणि दोन्ही एकाच दशकात. म्हणजे ‘जुने माध्यम जाते आणि नवे येते’ असा सरळ रेषेतला इतिहास निदान येथे तरी दिसत नाही. फांगण्याच्या आज्यांना यंत्र नको होते आणि पुस्तकाचा वासही नको होता. जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला ग्रंथ स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा, एवढेच त्यांना हवे होते. हे लक्षात ठेवून मागे जाऊ. चांगले दोन हजार वर्षे मागे.

५/
मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने निघालो की वैशाखरे लागते आणि तेथून नाणेघाटाची चढण सुरू होते. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचा सुप्रसिद्ध शिलालेख आहे. काळ साधारणपणे इ. स. पू. पहिले शतक, लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सातवाहन राणीने (अभ्यासक तिला नागनिका म्हणतात) केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा यांची ही यादी आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. संख्या अंकांत कोरलेल्या असल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासात या भिंतींना फार मोठे स्थान आहे.

६/
वाचनाच्या दृष्टीने पाहा. हा ग्रंथ वाचकाकडे जात नाही, वाचकाने घाट चढून त्याच्याकडे जायचे. त्याची प्रत नाही, त्याला भाडे नाही, तो कोणी उसना नेऊ शकत नाही. टिकाऊपणात मात्र त्याला तोड नाही. तरीही एक विलक्षण गोष्ट घडली. दगड टिकला आणि वाचन मेले. मधल्या शतकांत ब्राह्मी वाचणारा कोणी उरला नाही. तांडे, फौजा, गुराखी सारे या भिंतींसमोर विसावले असतील, पण अक्षरे त्यांच्याशी बोलली नाहीत. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मीची उकल पूर्ण केली, त्यानंतर हा लेख पुन्हा वाचता येऊ लागला. त्यातील अंकांवर पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी मोलाचे काम केले.

७/
लेण्यात राजपरिवाराच्या मूर्तीही होत्या. त्यांचे आता केवळ पायांचे अवशेष दिसतात, वरची नावे मात्र शाबूत आहेत. कोणाची मूर्ती होती हे कळते, ती कशी होती हे कळत नाही. (नाणेघाटात गेलात तर रांजणासोबत फोटो काढून परतू नका, भिंतीसमोर दहा मिनिटे बसा.)

८/
याच घाटाच्या वरच्या अंगाला जुन्नर. ‘जुन्नरी कागद’ हे नाव जुनी कागदपत्रे हाताळणाऱ्यांना परिचित असेल. तेथील कागदी लोक हाताने बनवीत असलेला हा कागद आणि तसाच दौलताबादी कागद यांवर मराठेशाहीचा पुष्कळ कारभार चालला. बोरूने लिहायचे आणि शाई वाळायला वर वाळू टाकायची. कारभाराची लिपी मोडी, धर्मग्रंथांची बाळबोध. दगडाच्या मानाने कागद किती दुबळा! शहापूर-मुरबाडसारख्या धो धो पावसाच्या मुलखात तर विचारूच नका. दमट हवा, बुरशी, कसर, वाळवी. पोथ्या लाल फडक्यात घट्ट बांधून ठेवण्याच्या रीतीमागे श्रद्धेइतकेच हे व्यावहारिक कारणही आहे.

९/
पोथी वाचणे हे आज वाटते तितके सोपे काम नव्हते. जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये मोकळी जागा सहसा सोडलेली नसते, ओळ सलग जाते. कोठे शब्द संपला हे वाचणाऱ्यानेच ओळखायचे. मजकूर आधीच कानावरून गेलेला असेल तर पोथी वाचता येई, नसेल तर अडखळणे ठरलेले. त्यामुळे वाचक थोडे आणि श्रोते पुष्कळ. ठाण्याच्या ग्रामीण भागात श्रावणात पोथी लावण्याची चाल आहे. श्रीधराचे हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत हे अठराव्या शतकाच्या आरंभीचे ग्रंथ. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचे. फांगण्याच्या आज्या याच परंपरेतल्या श्रोत्या. ग्रंथ त्यांना ठाऊक होता, अक्षर ठाऊक नव्हते.

१०/
आता मूळ वादाकडे येऊ. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून स्वतः मुद्रणाची विद्या हस्तगत केली आणि १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले. हा पुरुष मिशनरी नव्हता, सरकारी अधिकारीही नव्हता. आपल्याच समाजातील एका उद्योगी माणसाने छापखाना काढला आणि पहिला मोठा माल म्हणून निवडले पंचांग! व्यापारी दृष्टी पाहा. दरवर्षी नवे लागणारे आणि घराघरांत हवे असलेले पुस्तक यापेक्षा दुसरे कोणते?

११/
पण गिऱ्हाईक बिचकले. शाईत चरबी असते, छापील कागदाचा विटाळ होतो, अशी समजूत होती. यावर तोडगा म्हणून गणपत कृष्णाजींनी शाईत तुपाचा वापर केल्याचे सांगितले जाते. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात छापील कागदाला शिवायला भिणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे. पहिले पंचांग निघून तोवर तीस वर्षे उलटली होती. म्हणजे एक पिढी गेली तरी संकोच पुरता गेला नव्हता. आज स्क्रीनवर वाचणे म्हणजे वाचनच नव्हे असे ठामपणे सांगणारी ज्येष्ठ मंडळी भेटतात, तेव्हा मला या तुपाच्या शाईची आठवण होते.

१२/
त्याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. छापील ग्रंथांना मान्यता मिळावी म्हणून मुद्रकांनी त्यांना पोथीचेच रूप दिले. आडवी सुटी पाने, दोन्ही बाजूंना छपाई, शिवण नाही, वर-खाली पुठ्ठा किंवा फळी आणि भोवती फडके. यंत्रावर निघालेला माल हस्तलिखिताचा वेष घेऊन देवघरात शिरला. अशा छापील पोथ्या आजही विकल्या जातात. ई-रीडरवर पान उलटल्याचा भास घडवणारी सोय पाहून हसू येत असेल, तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या मुद्रकांनी हीच युक्ती केली होती हे ध्यानात घ्या.

१३/
१८६९ मध्ये जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि देवनागरी टाइपाला असे देखणेपण आणले की संस्कृतचे पंडितही त्या पुस्तकांवर विसंबू लागले. विटाळाचा प्रश्न हळूहळू विरला. तोपर्यंत आगगाडीही आपल्या भागात आली होती. १८५४ ला कल्याण, १८५५ ला वासिंद, १८६१ पर्यंत आसनगावमार्गे कसारा. शहापूरला लोहमार्गाची अशी जवळीक लाभली, मुरबाडला ती लाभली नाही. वस्तू, माणसे, टपाल आणि पुस्तके कोणत्या वेगाने पोहोचणार हे रुळांनी ठरवले. आजचे मोबाइलचे मनोरेही तेच ठरवतात. डोंगराआडच्या पाड्यात पुस्तक ‘डाउनलोड’ होणे हा आजही सिग्नलचा प्रश्न आहे. कोविडच्या काळात राज्यभरच्या अशा पाड्यांनी तो चांगलाच भोगला.

१४/
छपाईने काय वाचवले याचे एक उदाहरण. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली आणि तिच्या आधारे त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. मूळ पोथी पुढे अभ्यासकांच्या हाती पुन्हा लागली नाही. उरली ती छापील प्रत, आणि महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये काढलेल्या आवृत्तीला तीच आधारभूत ठरली. तिच्या अस्सलपणाविषयी विद्वानांत वाद झाले, पण वाद घालण्यापुरता तरी मजकूर हाती राहिला, याचे श्रेय त्या शेकडो प्रतींना आहे.

१५/
आणि माध्यम बदलताना काय गमावले याचे उदाहरण म्हणजे मोडी. खिळे जुळवण्याच्या मुद्रणाला बाळबोध सोयीची पडली. मोडीची अक्षरे एकमेकांत गुंतलेली, हात न उचलता लिहिलेली. मोडीचे टाइप झाले, मोडी पुस्तकेही छापली गेली, पण छापखान्याचा कल बाळबोधकडेच राहिला आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळांतूनही गेली. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. कागद दप्तरात होता, भाषा मराठीच होती, आणि नातवाला आजोबाची नोंद वाचता येत नव्हती. नाणेघाटात जे घडायला कित्येक शतके लागली ते येथे दोन-तीन पिढ्यांत घडले.

१६/
संगणकाच्या युगात याची पुनरावृत्ती झाली आहे, फक्त ती फारशी कोणाच्या लक्षात आलेली नाही. युनिकोड रुजण्यापूर्वी आणि त्यानंतरही बराच काळ मराठी पुस्तके श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. पडद्यावर ‘क’ दिसतो, आत साठवलेले असते भलतेच इंग्रजी अक्षर. अशा फाइलीतला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य खुणांची रांग समोर येते. १९९०-२००० च्या दशकांतील कितीतरी मराठी पुस्तके ई-बुक व्हायची असतील तर आधी त्यांचे लिप्यंतर करावे लागते आणि जोडाक्षरे एकेक करून तपासावी लागतात. ही संगणकातली मोडीच म्हणायची.

१७/
ई-रीडरचे तंत्र थोडक्यात. मोबाइल आणि टॅब्लेट आपल्या डोळ्यांत प्रकाश टाकतात. ई-इंक पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे आणि पांढरे कण. विजेचा हलका झटका दिला की काळे किंवा पांढरे कण वर येतात आणि तेथेच थांबतात. वीज लागते ती पान बदलताना. म्हणून बॅटरी आठवडे टिकते आणि भर उन्हात, कागदावर वाचावे तसे वाचता येते. ॲमेझॉनचा किंडल २००७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आला, त्यावर मराठी पुस्तके अधिकृतपणे यायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. (फांगण्याची शाळा त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झाली होती.)

१८/
आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि येथे जरा थांबावे लागेल. छापील पुस्तक विकत घेतले की ते तुमचे. उसने द्या, विका, वाचनालयाला द्या, मुलाबाळांसाठी ठेवा. ई-बुक विकत घेताना बहुतेक वेळा मिळतो तो वाचण्याचा परवाना. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या गोंधळामुळे जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पण दुकानदार रात्री घरात शिरून कपाटातले पुस्तक घेऊन जाऊ शकतो, हे त्या दिवशी जगाला कळले. आणि पुस्तक कोणते, तर जुन्या नोंदी गुपचूप नष्ट करणाऱ्या राजवटीविषयीचे!

१९/
कुलूपबंद ग्रंथ मराठीला नवे नाहीत. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. अक्षरांच्या जागी ठरावीक दुसरी अक्षरे, किल्ली फक्त पंथीयांकडे. त्यामुळे मराठी गद्याचा तेराव्या शतकातील ठेवा, लीळाचरित्रासह, शेकडो वर्षे बाहेरच्या जगाला अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आणि ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिप्यांचा उलगडा जगापुढे आणला, तेव्हा मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. महानुभावांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की त्यांचे कुलूप ग्रंथ जपण्यासाठी होते. आणि किल्ली बाळगणारा पंथ टिकून राहिला म्हणूनच ते उघडले. एखादी कंपनी बंद पडली तर तिच्या कुलपाची किल्ली कोणाकडे मागायची?

२०/
भाव्यांचे नाव निघाले म्हणून सांगतो. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणाऱ्या या माणसाच्या पुढाकाराने १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करावा ही कल्पना त्या काळी नवी होती, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी उभे राहिले. पुढे १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि अनुदान मिळाले. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाची एकच खोली, एक पंखा, दोन वर्तमानपत्रे आणि कपाटभर कादंबऱ्या यांची थट्टा करणे सोपे आहे. पण तेथले एक पुस्तक वीस घरे फिरते. परवान्याच्या ई-बुकला हे एक घर ओलांडणेसुद्धा अवघड.

२१/
म्हणून डिजिटल म्हणजे केवळ कंपनीचे दुकान असे समजू नये. ई साहित्य प्रतिष्ठान २००८ पासून मराठी पुस्तके विनामूल्य पीडीएफ स्वरूपात देत आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मोफत आहेत आणि छापील पाठ्यपुस्तकातच क्यूआर कोड देऊन कागद व पडदा यांची सांगडही घातली गेली आहे. जुन्या, हक्कमुक्त झालेल्या ग्रंथांची स्कॅन केलेली पाने तर आपल्यासारख्यांना वरदानच. माडगांवकरांचा ग्रंथ पाहायला पूर्वी मुंबई-पुण्याचे वाचनालय गाठावे लागे. शहापूरच्या विद्यार्थ्याला आज तो मोबाइलवर उघडता येतो. फक्त स्कॅन वाचायला सहा इंची ई-रीडर घेऊ नका, अक्षर मुंगीएवढे दिसते. त्यासाठी मोठा पडदाच हवा.

२२/
मग घ्यायचे काय? माझा स्वतःचा हिशेब सांगतो. साधनग्रंथ, बखरी, गॅझेटियर, जेथे शब्द शोधायचा असतो किंवा दहा पाने चाळायची असतात, तेथे डिजिटल प्रत, आणि तीही कुलूप नसलेली, स्वतःच्या ताब्यात साठवलेली. एकदा वाचून संपणारी कादंबरी ई-रीडरवर खुशाल वाचावी. पण ज्या पुस्तकाच्या समासात लिहायचे आहे, जे मित्राला द्यायचे आहे, जे घरात मोठ्याने वाचले जाणार आहे, ते छापीलच घ्यावे. आणि घराला ओल येत असेल तर पावसाळ्यात पुस्तके भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावीत, हे शहापूर-मुरबाडकरांना मी सांगायला नको.

२३/
शेवटी पुन्हा त्या दोन शाळा. पष्टेपाड्यात पडदा आला तो पुस्तकाला हटवायला नव्हे. दुर्गम पाड्यातल्या मुलांनी शाळेत रमावे, बाहेरचे जग त्यांच्यापर्यंत यावे, म्हणून तो आला. फांगण्यात पाटी आली, कारण साठ-सत्तर वर्षे अंगठा उठवणाऱ्या बायकांना अक्षर हवे होते. छपाई सुरू होऊन दोनशे वर्षे होत आली, आगगाडी आली, वाचनालयांचा कायदा आला, किंडलही आला, आणि तरीही या आज्यांपर्यंत त्यातले काहीच पोहोचले नव्हते. नाणेघाटाची भिंत त्यांच्या तालुक्याच्या उशाला, आणि त्यांच्यासाठी छापील पोथीही त्या भिंतीइतकीच मुकी होती. वर्गात बसू लागल्यावर त्या आधी ‘ग म भ न’ गिरवू लागल्या, मग स्वतःचे नाव. बँकेच्या कागदावर अंगठ्याच्या जागी आता सही होते.